अकरा घरांच्या चाव्या

सरूबाईबद्दल सांगायचं तर आधी पाण्याबद्दल सांगावं लागतं, आणि पाण्याचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. मधे कुठं लाइन फुटली की नवव्या, नाहीतर दहाव्या. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, मग तुम्ही राहता कसे? राहतो. हौद बांधतो, टाकी चढवतो, ड्रम मांडतो आणि पाण्याच्या दिवशी घरात एक माणूस राखून ठेवतो. बारसं असो की साखरपुडा, तारीख काढताना आम्ही भटजींच्या आधी लाइनमनला फोन करतो.

अडचण अशी, की हल्ली घरात राखून ठेवायला माणूसच उरलेलं नाही. नवरा चिकलठाण्याच्या कंपनीत, बायको जालना रोडच्या ऑफिसात, पोरं शाळेत. नळ मात्र कधी सकाळी अकराला सुटतो, कधी दुपारी तीनला. म्हणून आमच्या गल्लीनं एक सोय काढली होती. त्या सोयीचं नाव सरूबाई.

ती आमच्या शेजारच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. माहेर लासूर स्टेशनचं. नवरा साहेबराव कंपनीत हेल्पर होता. बारा वर्षांपूर्वी तो ड्यूटीवरून आला आणि चहा पिता पिता गेला. मूलबाळ नाही. भाऊ धोंडिबा लासूरच्या बाजारात हमाली करतो, पण भावजयीचं आणि हिचं एकदा जे फाटलं ते फाटलंच. मग बाई शिलाई मशीन घेऊन दारात बसली. साड्यांना फॉल, पिको, ब्लाउजची उसवण. वय चोपन्न, अंगानं काटकुळी, आवाज खणखणीत. दिवसभर घरी असायची, एवढाच तिचा गुन्हा.

एकेकीनं तिच्याकडे चावी ठेवायला सुरुवात केली. "सरूबाई, पाणी आलं तर तेवढी मोटार लावा." तेवढी मोटार म्हणजे काय ते लावणाऱ्यालाच माहीत. पाइप ओढायचा, मोटारीत तांब्यानं पाणी ओतून ती धरेपर्यंत तिच्या मिनतवाऱ्या करायच्या, हौद भरला की कॉक फिरवायचा, गच्चीवर चढून टाकी बघायची, खाली उतरून पुढच्या घरात पुन्हा तेच. दोन तासांत अकरा घरं. तिच्या खोलीत एक जुना पाट भिंतीला उभा ठोकलेला होता. त्याला अकरा खिळे आणि खिळ्यांना अकरा चाव्या. बाई अक्षराला कच्ची होती. कुणाची कोणती हे कळावं म्हणून तिनं प्रत्येक चावीला त्या त्या घरच्या कपड्यातली उरलेली चिंधी बांधली होती. समोरची सुमय्या बँकेत नोकरीला आहे, तिच्या चावीला ओढणीची गुलाबी चिंधी. माझ्या चावीला मोरपिशी.

लाइनमन फारूखभाई व्हॉल्व्ह फिरवायच्या आधी पहिला फोन तिलाच करायचे. "सरूआपा, आधे घंटे में छोड रा मैं, सबकू बोल दो." की ही ओट्यावर उभी राहून ओरडायची, "पाणीऽ सुटतंयऽऽ!" त्या दिवशी तिला जो मान मिळायचा तो निवडणुकीत उभं राहिलेल्यालाही मिळत नसेल. उरलेले सात दिवस तिच्या दारात कुणी बसत नसे. चावी द्यायला उभ्या उभ्या, साडी न्यायला उभ्या उभ्या. मीही त्यातलीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला चांगली समजणार नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा विश्वजीत आणि सून सोनिया दोघं नोकरीला जातात. मी घरीच असते, पण गुडघे गेलेले, म्हणून आमचाही पाइप सरूबाईच ओढायची. मला ती मॅडम म्हणायची. मी तिला अगं-तुगं करायची आणि समजायची, की ही आपली चांगली ओळखीची आहे.

गोष्ट दोन हिवाळ्यांपूर्वीची, हुरड्याच्या दिवसांतली. आमच्या भिशीच्या बायकांनी खुलताबादजवळच्या एका शेतावर मंगळवारी हुरडा ठरवला होता. पाणी खरं तर रविवारी यायचं, पण लाइन फुटली. सगळ्या टाक्या खडखडीत. त्या रविवारी संध्याकाळी सरूबाई माझ्या दारात आली. हातात कुणाची साडी नाही, चावी नाही, नुसतीच. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"मॅडम, मंगळवारी तुमी घरीच हायेत ना?"

"नाही गं, मंगळवारी हुरडा आहे आमचा खुलताबादला. का?"

"काय नाय, आसंच."

"बरी आलीस. मंगळवारी पाणी सुटेल म्हणतात. आमचा हौद बघशील ना?"

"बघते की," ती म्हणाली. थोडी थांबली. मग गेली.

मंगळवारी आम्ही बाराजणी गाडीत बसून खुलताबादला गेलो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, तीळ-खोबऱ्याची चटणी, गूळ, वर दही. मी पोट फुटेस्तोवर खाल्लं. संध्याकाळी घरी आले तर टाकी काठोकाठ. मला फार बरं वाटलं. मी सरूबाईला कागदात बांधून हुरडा नेऊन दिला, उभ्या उभ्याच.

त्यानंतर सहा-सात महिने काही झालं नाही, म्हणजे आम्हाला काही दिसलं नाही. ती वाळत गेली, पांढरी पडत गेली. मी म्हणायची, "अगं, खात जा नीट." एकटीसाठी किती रांधायचं, असं ती म्हणायची आणि मला ते पटायचं. श्रावणात मात्र तिचं पोट दिसायला लागलं. हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं. गल्लीतली एकजण हसून म्हणालीसुद्धा, "सरूबाई, सुटलात की!" सरूबाई तिच्यापेक्षा मोठ्यानं हसली.

गणपती बसले त्या आठवड्यात ती आमच्या गच्चीवर टाकी बघायला गेली आणि पहिल्यांदाच आमची टाकी भरून वाहिली. आठव्या दिवसाचं पाणी गटारीला जातंय म्हटल्यावर माझं पित्त खवळलं. रागारागानं, गुडघ्यांना न जुमानता मी वर चढले, तर ही अर्ध्या जिन्यात बसलेली. तोंडानं श्वास घेत होती. पदर सरकला होता आणि पोट ताणून चकाकत होतं. "मॅडम, कॉक बंद करा आधी," ती म्हणाली. मी कॉक बंद केला आणि तिला रिक्षात घातलं.

बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. दोन्ही अंडाशयांवर गाठी, एक कवठाएवढी, एक लिंबाएवढी, आणि पोटात पाणी झालेलं. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. तिथं खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नातेवाईक कोण?" सरूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी शेजारीण." तो म्हणाला, "शेजारीण चालत नाही, नातं सांगा." मी म्हटलं, "बहीण." सरूबाई दुसरीकडं बघायला लागली. धोंडिबाला फोन केला होता. तो तिसऱ्या दिवशी आला, खांद्यावरचा टॉवेल हातात धरून तासभर बसला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला.

ऑपरेशन झालं की डॉक्टर काढलेला भाग बाहेर आणून नातेवाइकांना दाखवतात. कुणी ही रीत पाडली त्याला मी भेटले असते तर चार शब्द सुनावले असते. दार उघडलं, सरूबाईचं नाव पुकारलं, आणि एवढ्या मोठ्या आवारात पुढं आलेली मी एकटी. डॉक्टर तरुण होते, विदर्भाकडचे. ट्रे पुढं धरून म्हणाले, "दोन्ही अंडाशयं काढली. पण रोग मुळातला इथला वाटत नाही. मोठ्या आतड्याला गाठ आहे, तिथून इकडं पसरलाय. यांना शौचातून रक्त वगैरे जात होतं का कधी?"

"छे," मी ठासून सांगितलं. "मला माहीत असतं."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांचं बरोबर होतं. रोग आतड्याचा. तिथं तो गुपचूप राहिला आणि अंडाशयांत येऊन एवढा वाढला, की सगळ्यांना आधी तिथंच दिसला. डॉक्टरांनी खाटेशी येऊन पुन्हा तोच प्रश्न तिला विचारला. मी मधे बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरूबाईनं उशीखालची पिशवी ओढली आणि प्लास्टिकमध्ये घडी घातलेला एक कागद काढून दिला. दुसऱ्या एका डॉक्टरची चिठ्ठी होती, जानेवारीतली. रक्त जातंय, आतड्याची दुर्बिणीनं तपासणी तातडीनं करावी. खाली तपासणीची तारीख आणि वार. मंगळवार.

"ही तपासणी का नाही केली मग?"

"त्या दिशी पाण्याचा दिस आला ना," सरूबाई म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, बाई दुखणं थांबवायच्या औषधानं भरकटते आहे. ती मात्र सरळ सांगत होती. "आदल्या दिशी संध्याकाळी पोट साफ करायची पुडी तीन लिटर पाण्यात प्यायची हुती. पंधरा बार संडासला जावं लागतं म्हनले. माझ्या ड्रममंदी बादलीभर पाणी. जिन्याखालचा संडास चार घरांत एक. आन् सकाळी फारूखभाई पाणी सोडनार, धा घरं कुलूपबंद. आन् सोबत एक माणूस आणा म्हनले हुते. मग काय, नाय गेले."

"मग नंतरची तारीख घ्यायची."

"नंतर रगत थांबलं हो. मला वाटलं, बरं झालं."

मी तिच्या पायाशी उभी होते. दहा घरं कुलूपबंद होती, आणि अकरावं माझं, तेही मी कुलूप लावून तिच्यावर टाकून गेले होते. अकरा टाक्यांच्या चाव्या जिच्या भिंतीवर, तिनं कुणाच्या टाकीतला तळाचा तांब्याही घेतला नव्हता. ती सगळा वेळ डॉक्टरांकडं बघून बोलत होती. एकदा जरी माझ्याकडं रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नंतर डॉक्टरांना एकट्याला गाठून मी विचारलं, की जानेवारीत तपासणी झाली असती तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही हो. तेव्हाच पसरलेला असेलही." भला माणूस, मला मोकळं करायला बघत होता. मी मोकळी झाले नाही.

मग केमो सुरू झाली, दर पंधरा दिवसांनी. त्या औषधाचा एक विचित्र त्रास असतो, गार पाण्याला हात लागला की बोटांत सुया टोचतात. इतकी वर्षं जिनं अकरा घरांचं पाणी भरलं, तिला स्वतःच्या तांब्याला हात लावायला हातमोजे लागायला लागले. बोटं बधिर झाली, सुईत दोरा जाईना, मशीनवर चादर पडली. तिचं स्वतःचं पाणी मी आणि सुमय्या भरायचो, म्हणजे मी सांगायची आणि सुमय्या भरायची.

आणि चाव्या जायला लागल्या. फार सभ्यपणे गेल्या. "सरूबाई, आता तुम्हाला त्रास नको," असं म्हणून प्रत्येकजण एकदा फळं घेऊन आली आणि जाताना खिळ्यावरची चावी घेऊन गेली. त्यात वाईट काय? काहीच नाही. पाणी भरायला गल्लीनं एक माणूस लावला. पण चावीच्या निमित्तानं जी पावलं त्या दाराशी यायची तीही थांबली. दसऱ्याला पाटावर सहा चाव्या होत्या. दिवाळीला दोन, सुमय्याची गुलाबी आणि माझी मोरपिशी.

"तुमचीबी न्या मॅडम. मला काय आता व्हनार हाय?"

"राहू दे."

"आजाराचं काय नाय," ती पाटाकडं बघत म्हणाली. "हे रिकामे खिळे दिवसभर समोर दिसतेत. त्याच्यानं लई एकटं वाटतं."

मी पाट काढून ठेवू का, असं विचारलं. ती नको म्हणाली.

फेब्रुवारीत एकदा केमो आणि पाणी एकाच दिवशी आले. वॉर्डात सलाइन लागलं होतं, मी स्टुलावर बसले होते. तिचा फोन वाजला. फारूखभाई. गल्लीनं माणूस लावला तरी त्यांचा पहिला फोन अजून तिलाच यायचा. "सरूआपा, छोड रा मैं. तबियत कैसी है?" तब्येतीचं उत्तर न देताच तिनं फोन ठेवला आणि उठून बसायला लागली.

"मॅडम, तुमी जा. रिक्षानं अर्धा तास. तुमचा हौद कोरडा हाय, मला ठाव हाय."

"असू दे कोरडा."

"सोनियाताई वरडतील."

"ओरडू दे."

ती पुन्हा आडवी झाली. मी सलाइनकडं बघत बसले. बत्तीस वर्षं मी वर्गात उभं राहून बोलले, पण एवढं एक वाक्य बोलायला मला अर्धी बाटली संपेपर्यंत वेळ लागला. "सरू, त्या रविवारी तू मला सोबत चल म्हणायला आली होतीस ना?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं विचार केला. "तुमी इचारलं की, का म्हणून. मी मनात मनलं, आजूक एकदा इचारलं तर सांगावं. एकदम कसं सांगायचं? रगताचं, संडासचं. आन् सोबत चला मनायला मी तुमची कोण?" हातमोज्याचं टोक ओढत ती म्हणाली, "एकदाच इचारलं तुमी."

आवाजात राग नव्हता. कुठल्या साडीला कुठला फॉल लावला ते सांगावं तशी ती सांगत होती. मी तिथं सगळ्या वॉर्डासमोर रडले. एवढी रडले, की सिस्टर येऊन मलाच रागावली. सरूबाईनं हातमोजा घातलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"रडू नका. त्या दिशी टाकी भरली हुती ना तुमची?"

त्या आठवड्यात आमच्या घरी टँकर मागवावा लागला आणि सोनिया दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. एका कोरड्या टाकीनं काय भरपाई होणार होती?

शेवटच्या वेळी दवाखान्यात जाताना तिनं माझ्या हातात तिच्या खोलीची चावी दिली. इतक्या वर्षांत तिची चावी कुणाकडंच नव्हती. तिला चिंधीही नव्हती. "पाणी आलं तर भरून ठिवा," ती म्हणाली. मी भरून ठेवलं, दोन्ही ड्रम, स्वतः, गुडघ्यांना शिव्या देत. ते पाणी वापरायला ती परत आली नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी ती गेली. त्या वेळी मी शेजारी होते, एवढं तरी झालं. दहावं-तेरावं धोंडिबानं लासूरला केलं. आमच्या गल्लीतून मी आणि सुमय्या दोघीच गेलो. बाकीच्यांना त्या दिवशी पाणी होतं.

"बाई फार चांगली होती हो," एकजण मला म्हणाली, "पाण्याची आता फार आबाळ होते." मी तिच्याशी अजून बोलत नाही.

तो पाट मी मागून घेतला. आता तो आमच्या जिन्यात ठोकलेला आहे आणि त्याला पाच चाव्या आहेत. विश्वजीत म्हणतो, आई, या वयात तुला हे कुणी सांगितलंय? कुणी नाही. फारूखभाईंचा फोन आता मला येतो. मला ते मॅडम म्हणतात आणि फोन ठेवण्याआधी एक क्षण थांबतात. यंदाही भिशीच्या बायकांनी हुरड्याला बोलावलं. मी दात दुखतात म्हणून सांगितलं.

परवाच्या रविवारी पाणी आलं. मी गच्चीवर टाकीत पाइप सोडून उभी होते. सुमय्या वर आली. तिला सुट्टी होती, स्वतःचं पाणी ती स्वतःच भरणार होती. चावी द्यायची नव्हती, न्यायची नव्हती.

"काकू, गुरुवारी घरी आहात ना?"

"आहे. का गं?"

"काही नाही, असंच." ती हसली आणि जिना उतरायला लागली.

दोन पायऱ्या उतरली असेल. मी पाइप तसाच सोडला आणि कठड्याला धरून खाली गेले, तिच्या शेजारच्या पायरीवर बसले. "सुमय्या, इथं बस. का ते सांग."

"काही नाही हो काकू, खरंच."

"मी पुन्हा विचारतेय. का?"

ती बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. वर टाकी भरून वाहायला लागली, पाणी पन्हळीतून गटारीला जायला लागलं, खालून कुणीतरी "मॅडम, टाकीऽ!" म्हणून दोनदा ओरडलं. मी उठले नाही.